भरल्या गाडीचे पाटे

“आधी गाडी रिकामी करा साहेब. भरल्या गाडीच्या पाट्याला मी हात लावत न्हाई.”

दस्तगीर मिस्त्रींनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं, एवढंच सांगितलं आणि चिंधीला हात पुसायला लागले. गडहिंग्लजच्या बाहेर, आजऱ्याच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडाचे बाकदार पाटे. ट्रक-टेम्पोचा मागचा सगळा भार पेलायला चाकांच्या वर असे पाटे एकावर एक बांधलेले असतात. आमच्या गाडीला प्रत्येक बाजूला पाच होते आणि सगळेच्या सगळे बसले होते.

“रिकामी कशाला? दोन्हीकडे एकेक पाटा जादा घाला. अर्ध्या तासाचं काम आहे,” आमचे हे म्हणाले.

हे म्हणजे मधुकर कुंभोजकर, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं कालव्यांचे उतार मोजल्यामुळे कुठलं काम किती वेळाचं आहे, हे ते काम करणाऱ्यापेक्षा यांना जास्त कळतं.

“माझ्या थोरल्या भावाचा हात असल्याच अर्ध्या तासाच्या कामात गेलाय,” मिस्त्री म्हणाले. “सामान उतरवा. तवर मी भट्टी पेटवतो.”

हे खिशातून टेप काढून चाक आणि पत्रा यांच्यातलं अंतर मोजू लागले. ते मोजायला टेपची गरज नव्हती, बोटही जात नव्हतं तिथं.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. निवृत्त झाल्यावर यांनी ती घेतली आणि दीड वर्ष अंगणात ठोकाठोक करून तिच्या पाठीवर प्लायवूडची नि पत्र्याची एक खोली बांधली. आत फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, मागे दार आणि डाव्या अंगाला एक खिडकी. हे तिला ‘रथ’ म्हणत, मी ‘डबा’. या डब्यातून कन्याकुमारीपर्यंत जाऊन यायचं होतं. बंद जागेत मला पहिल्यापासून गुदमरतं, देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा मी उंबऱ्याबाहेरून नमस्कार करते. म्हणून निघण्याआधी मी यांच्याकडून वदवून घेतलं होतं, एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी मी परत कराडला, माझ्या घरात. “बरं,” हे म्हणाले होते. छत्तीस वर्षांच्या संसारात हे इतक्या पटकन कशालाच ‘बरं’ म्हणाले नव्हते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तो आमचा दुसराच दिवस होता. कराड सोडल्यापासून गाडी कुत्रं बसल्यासारखी मागून बसलेली, तोंड आभाळाकडे. खड्डा आला की मागचं टायर पत्र्याला घासायचं आणि जळक्या रबराचा वास पुढेपर्यंत यायचा. संकेश्वरला एका ट्रकवाल्यानं दस्तगीर मिस्त्रींचं नाव सांगितलं, म्हणून इथे आलो.

“आत हाय काय एवढं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काही नाही हो. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, आम्ही दोघं.”

“दोन माणसं नि टाकीनं पाटे असे सपाट हुईत न्हाईत साहेब. अजून काय तरी हाय.”

“मी इंजिनियर आहे,” हे म्हणाले.

हे वाक्य आलं की पुढचा तास गेला, हे मला अनुभवानं माहीत. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, मी चहा टाकते. एप्रिलचं ऊन, अकरा वाजलेले. रस्त्यावरची धूळ आत येते म्हणून आत चढून मी दार ओढून घेतलं. ओढलं आणि पायाखाली ‘कट्ट’ असा आवाज झाला. डबा डावीकडे कलला, चहाचं भांडं घरंगळत माझ्या पायावर आलं आणि बाहेरून यांचा आवाज आला, “अगं, केलंस काय?”

मी काय करणार? माझं वजन छपन्न किलो.

“पाटा तुटला,” मिस्त्री बाहेर म्हणाले. “डावीकडचा मेन पाटा. वैनी, खाली या आधी.”

मी दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. चौकट तिरकी झाली होती, दार तिच्यात पाचरीसारखं अडकलं होतं. बाहेरून दोघांनी ओढून पाहिलं, आतून मी लाथ मारून पाहिली.

“गॅस बंद कर,” हे ओरडले.

“लावलाच नाहीये!”

“घाबरू नकोस. खिडकी उघड.”

खिडकी उघडली. ती दीड फूट बाय एक फूट. हे माप घेताना यांनी माझं माप विचारात घेतलं नव्हतं. डोकं बाहेर निघायचं, खांदे नाही. डोकं बाहेर काढून मी जोरजोरात श्वास घेतले. मिस्त्रींच्या बायकोनं, जैनबीनं, मागच्या घरातून धावत येऊन पाण्याचा तांब्या वर दिला. अर्धं पाणी प्याले, अर्धं डोक्यावर ओतलं. पत्रा एवढा तापला होता की हात टेकवत नव्हता. मला भीती वाटत होती, अगदी लहान मुलीसारखी, आणि यांच्या देखत ती दाखवायची नव्हती.

“पहार लावू,” हे म्हणाले.

“पहारेनं पत्रा फाटंल, चौकट सरळ हुणार न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “वजन उतरलं की डबा उचलंल, मग दार आपसूक सुटंल.”

“मग जॅक लावा.”

“तुटल्या पाट्यावर, भरल्या गाडीला? नि वैनी आत? साहेब, मी सांगितलं की. वजन उतरवा.”

“दार उघडल्याशिवाय वजन कसं उतरणार?”

“खिडकीतनं. वैनी आतनं देतील, आपण बाहेर घिऊ.”

“नाही,” हे म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की जैनबी दचकली. “आतलं काही काढायचं नाही. शैला, पलंगाखालच्या खोक्यांना हात लावू नकोस. बॅटऱ्या आहेत. शॉक बसेल.”

पलंगाखाली चार खोकी होती, प्लायवूडची, वर झाकणं स्क्रूनं पक्की केलेली. बॅटऱ्या असतील असं मीही धरून चालले होते. पण बॅटऱ्यांची वायर असते. मी वाकून पाहिलं. एकाही खोक्यातून वायर बाहेर येत नव्हती.

“मिस्त्री, स्क्रू ड्रायव्हर द्या,” मी म्हटलं.

“देऊ नका,” हे म्हणाले.

मिस्त्रींनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे. “वैनींना आत किती येळ ठेवणार साहेब? भाजून निघतील,” ते म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर खिडकीतून माझ्या हातात दिला.

पहिल्या खोक्याचे आठ स्क्रू काढायला मला पाव तास लागला. गुडघे बोंबलत होते, घाम डोळ्यांत जात होता. बाहेरून यांचं चाललं होतं, शैला ऐक, शैला थांब, मी सांगतो. झाकण उचललं तर आत पितळ. माळ्यावरचे सासूबाईंचे डबे, मोठी परात, खलबत्ता, घंगाळ, समया. गुडघ्यांमुळे मी सहा वर्षांत माळ्यावर चढले नव्हते. ही भांडी तिथेच आहेत अशा समजुतीत मी होते.

“समया कशाला घेतल्यात?” मी खिडकीतून विचारलं.

यांनी फक्त घ्यायला दोन्ही हात वर केले.

मी एकेक वस्तू खिडकीतून बाहेर देऊ लागले. घ्यायला हेच उभे होते, दुसरं कोण उभं राहणार? डबा घेतला, खाली ठेवला. परात तिरकी करून काढली. दुसऱ्या खोक्यात यांची पुस्तकं, खात्याचे जुने नकाशे, माझ्या शिवणयंत्राचं डोकं, टेबलावेगळं केलेलं. तिसऱ्यात सासऱ्यांची हत्यारं, रंग द्यायचा म्हणून यांनी महिन्यापूर्वी भिंतींवरून उतरवलेली फोटोंची चौकट न् चौकट वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि माझ्या शाळेतल्या निरोप समारंभाचं मानपत्र. प्रत्येक वस्तूबरोबर डबा किंचित वर येत होता, लाकूड करकरत होतं. बाहेर मिस्त्रींनी भट्टीचा भाता थांबवला होता. जैनबी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

चौथ्या खोक्यात सर्वांत वर गोधडीत काहीतरी चपटं, जड होतं. मी गोधडी उलगडली. संगमरवराची पाटी. ‘म. वि. कुंभोजकर’. फाटकाच्या खांबावरची. मागे सिमेंटचे गोळे अजून चिकटलेले होते. निघताना पहाटे मी पुढे गाडीत बसले होते आणि हे ‘कुलूप नीट लागलंय का बघतो’ म्हणून परत गेले होते ते वीस मिनिटं आलेच नव्हते. मी समजले, पोट बिघडलं असेल.

ती पाटी मी बाहेर दिली नाही. खिडकीत उभी धरली.

“अहो, एकवीस दिवसांच्या प्रवासाला फाटकावरची पाटी कशाला लागते?”

“तू आधी बाहेर ये. मग शांतपणे बोलू.”

“बाहेर कशी येऊ? दार उघडत नाही. इथेच बोला.”

हे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्री आणि जैनबी जरा मागे सरकले, पण गेले नाहीत. त्यांचंच दुकान, ते कुठे जाणार?

“घर दिलं मी,” हे म्हणाले.

“भाड्यानं?”

“विकलं. पुण्याच्या एका डॉक्टरांना. सामानासकट. एक मेपासून ते राहायला येणार.”

“घर दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय कसं विकलं?”

“तुझी सही आहे. फेब्रुवारीत आपण नोंदणी कार्यालयात गेलो होतो.”

गेलो होतो. मृत्युपत्राचं काम आहे, असं हे म्हणाले होते. आमच्याकडे पद्धत अशी, की कुठलाही कागद असला तरी हे तो वाचायचे आणि माझी सही जिथे हवी तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली मारून ठेवायचे. मी फुली शोधायची आणि सही करायची. विम्याचे कागद, बँकेचे कागद, गॅसचे कागद. छत्तीस वर्षांत मी एक ओळ वाचली नव्हती, आणि चौथीच्या वर्गाला मात्र दरवर्षी बजावून सांगत होते की वाचल्याशिवाय सही करायची नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर फोटो काढला, मशीनवर अंगठा ठेवला. तिथल्या मुलीनं विचारलं, “सगळं मान्य आहे ना आजी?” ती ‘आजी’ म्हणाली याचा मला इतका राग आला की पुढचं मागचं न ऐकता मी ठणकावून ‘हो’ म्हटलं.

“आणि बाविसाव्या दिवशी?” मी विचारलं. “बाविसाव्या दिवशी मी कुठे जाणार होते?”

“कन्याकुमारीला पोचल्यावर सांगणार होतो. तिथल्या समुद्रासमोर. तुला आवडलं असतं शैला. मग तिथून पूर्वेच्या किनाऱ्यानं वर जायचं, पुरीपर्यंत. मग पुढे. आपल्याला कोण आहे? मूल ना बाळ. कशाला बांधून घ्यायचं?”

“म्हणजे या डब्यात. कायमचं.”

“डबा म्हणू नकोस गं.”

“मी तासभर आत अडकलेय, मी काय वाट्टेल ते म्हणीन!”

यांचे डोळे भरून आले. हे रडतात हे मला माहीत नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही रडले नव्हते. म्हणाले, “त्या घरात तू काय काय काढलंस, मी पाहिलंय. आईची अकरा वर्षं अंथरुणात गेली, नंतर नानांची चार. त्या खोलीतला वास अजून जात नाही. तू बोलत नाहीस, पण मला दिसायचं. तुला त्यातून सोडवायचं होतं मला. मी कामावर असायचो, तेव्हा काही केलं नाही. म्हटलं, आता तरी करू.”

हे खरं बोलत होते. मला ते घर मुळीच आवडत नव्हतं. त्या मधल्या खोलीत जायचं झालं तर मी दुपारीसुद्धा दिवा लावायची. हे मी कुणाला, यांनाही कधी सांगितलं नव्हतं, आणि यांना कळलं होतं. नवऱ्याला आपल्या मनातलं कळावं म्हणून बायका उपास करतात. माझ्या नवऱ्याला कळलं, आणि त्यानं त्याचं हे असं केलं.

“घर विकायचं का म्हणून विचारलं असतंत,” मी म्हटलं, “तर मी हो म्हटलं असतं.”

“मग झालं तर!” यांचा चेहरा एकदम उजळला. “मग बिघडलं काय?”

त्या ‘बिघडलं काय’नं माझ्या आत काहीतरी तुटलं. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग मला सासूबाईंचाही कधी आला नव्हता. यांना खरंच कळत नव्हतं. बेरीज बरोबर आली म्हणजे गणित सुटलं, असं यांचं आयुष्यभर चाललं होतं, आणि त्या बेरजेत मी एक आकडा होते.

मी पाटी यांच्या हातात दिली. यांनी ती चाकाला टेकवून ठेवली, अक्षरं आतल्या बाजूला करून. मग मी चौथं खोकं रिकामं केलं, पाण्याची टाकी बेसिनच्या नळातून सोडून दिली, गादीसुद्धा गुंडाळून बाहेर ढकलली. शेवटी मिस्त्री म्हणाले, “वैनी, जरा बाजूला हुबं ऱ्हावा,” आणि बाहेरून दाराला खालच्या कोपऱ्यात एक हातोडा घातला. दार सुटलं.

उतरताना यांनी हात पुढे केला. मी जैनबीचा धरला.

दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत आमचं अख्खं घर उन्हात मांडलेलं होतं. डबे, समया, फोटो, नकाशे, शिवणयंत्राचं डोकं. मोटरसायकलवरून जाणारा एकजण थांबला आणि यांनाच विचारायला लागला, “काका, परात देणार काय?” यांनी त्याला काय उत्तर द्यावं हे न सुचून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मिस्त्रींनी जॅक लावला, पाटे सोडले आणि तुटलेला वेगळा काढला. बाकीचे भट्टीजवळ नेऊन ओळीनं ठेवले. मग यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, तुटलेला बदलतो. ऱ्हायलेले तापवून बाक देतो. जादा पाटा घालत न्हाई, गरज न्हाई. फकस्त एक सांगा, परत वजन किती चढणार? बाक त्या हिशेबानं द्यायचा असतो. कमी वजनाला जास्त बाक दिला तर गाडी दगडागत उडती. जास्त वजनाला कमी दिला तर हे असं हुतं.”

यांनी सामानाकडे पाहिलं. अंदाज करत होते, ओठ हलत होते. मग थांबले आणि माझ्याकडे वळले.

“शैला?”

मला वाटतं, आमच्या लग्नानंतर यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल ज्याचं उत्तर यांना आधी माहीत नव्हतं.

“एका माणसाचं,” मी मिस्त्रींना म्हटलं.

“वैनी,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “जरा इचार करून सांगा. एकदा तापवून बाक दिला म्हंजी दिला.”

“विचार करूनच सांगतेय. एक माणूस, एक गादी, एक शेगडी. पाण्याची टाकी अर्धी भरतील ते.”

हे खाली बसले, नकाशांच्या गठ्ठ्यावर. पाटे लाल होईपर्यंत तसेच बसून होते. मिस्त्री एकेक पाटा चिमट्यानं काढून ऐरणीवर वाकवत होते आणि मी जैनबीबरोबर मागे गेले. तिच्या भाच्याच्या दोन खोल्या त्याच गल्लीत रिकाम्या होत्या. हवेशीर होत्या, चार खिडक्या. पेन्शन माझं मला होतं. संध्याकाळच्या आत डबे, समया, शिवणयंत्र सगळं तिथे लागलं. उचलायला हेही होते. दोन दिवसांनी गाडी तयार झाली, मागून चांगली उचललेली, आणि हे आजऱ्याच्या रस्त्यानं एकटे गेले. मी रस्त्यापर्यंत गेले होते. हात हलवला का, ते आठवत नाही.

याला अकरा वर्षं झाली. मी अजून त्याच खोल्यांत राहते.

हे पहिल्यांदा परत आले ते त्याच वर्षीच्या दसऱ्याच्या आठवड्यात. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबलेली मी ऐकली, चपलांचा आवाज ओळखला. माझं दार सताड उघडं होतं, ते मी तिथे कधी लावतच नाही. हे दारापर्यंत आले आणि बाहेरच थांबले. वाळले होते, काळे पडले होते. उघड्या दारावर यांनी दोन बोटांनी टकटक केली.

“आत येऊ का?”

मी तांदूळ निवडत होते. सुपात अजून पसाभर राहिले होते.

“थांबा जरा,” मी म्हटलं.

हे थांबले. मी राहिलेले तांदूळ निवडले, खडे बाजूला काढले, सूप खाली ठेवलं. मग म्हटलं, “या.”